एक नंबर

कारखान्यात तिला सगळे बोटेबाई म्हणत. ते काही तिचं आडनाव नव्हतं. उजव्या हाताची मधली तीन बोटं हीच तिची विद्या आणि हीच तिची नोकरी, म्हणून बोटेबाई. कारखाना कसला, एका गोदामाचा अर्धा भाग पत्रा ठोकून वेगळा काढलेला, पण तिथला माल दूरदूर जायचा. तिथं सिलिकॉनच्या छात्या बनत. पहिल्यांदा ऐकणारा प्रत्येक जण हसतो, तुम्हीही हसून घ्या. दवाखान्यातल्या नर्सबाई त्या छात्या बायकांच्या हातात देऊन शिकवतात, की आपली छाती आपण कशी तपासायची, बोटं कशी फिरवायची आणि आत काही असलं तर ते हाताला कसं लागतं.

आत काहीतरी लागायला हवं, म्हणून प्रत्येक छातीत चार गाठी पुरलेल्या असत. बोटेबाईचं काम सगळ्यांत शेवटचं. तयार नग तिच्या टेबलावर यायचा. वर पातळ कापड टाकायचं, डोळे मिटायचे आणि तीन बोटांच्या पेरांनी लहान लहान गोल काढत जायचं. आधी हलकं, मग जरा दाबून, मग खोलवर. गाठ लागली की नंबर ओरडायचा, समोर वही घेऊन बसलेली बाई खूण करून घ्यायची. गाठीच्या जागी हवेचा बुडबुडा निघाला तर ‘फुगा!’ म्हणून ओरडायचं, की ओतकाम करणाऱ्या बायका कपाळाला हात लावायच्या, कारण नग बाद. अठरा वर्षांत तिची बोटं एकदाही चुकली नव्हती. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं म्हणत मालकीणबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला तिच्या टेबलापाशी घेऊन यायच्या.

गाठींचे नंबर ठरलेले होते. चार नंबर पाण्याच्या पिशवीसारखी, दाबली की दबणारी. तीन नंबर गोल, रबरी, बोटाखालून निसटून पळणारी. तशी तरुण मुलींना होते आणि बहुतेकदा निरुपद्रवी निघते. दोन नंबर वाटाण्याएवढी, खोलवर लपलेली. आणि एक नंबर म्हणजे कडक, ओबडधोबड कडांची, मूळ धरून बसलेली, हलवायला जावं तर न हलणारी. मालकीणबाईंनी धंदा सुरू केला तेव्हा पहिला साचा त्यांनी हिचा केला, कारण अशीच गाठ त्यांच्या थोरल्या बहिणीला होती. बहीण गेली, गाठीचा नंबर राहिला. बाहेरच्या जगात एक नंबर म्हणजे झकास, तोड नाही. पत्र्याच्या आत एक नंबर म्हणजे सगळ्यांत वाईट. नवी बाई कामाला लागली की पहिल्या आठवड्यात घोळ ठरलेला. कुणाच्या तरी डब्यातली भाजी चाखून ती ‘एक नंबर!’ म्हणायची आणि जुन्या बायका तोंडातला घास सांभाळत खो खो हसायच्या.

घरी मात्र हसायची सोय नव्हती. घरी वन्सं होत्या.

वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, एका मोठ्या कचेरीत तीस वर्षं टेलिफोनच्या बोर्डावर बसल्या आणि निवृत्त झाल्या. तीन खोल्यांचं घर त्यांच्या नावावर होतं. भाऊ लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा. गावभरच्या लोकांची वर-खाली जायची सोय करणारा हा माणूस स्वतःच्या घरात दोन बायकांच्या मधे अडकून पडला होता. पाठीमागे तो बहिणीला ‘हेड ऑफिस’ म्हणायचा, समोर मात्र ‘हो ताई’. वन्संचं आवडतं वाक्य एकच होतं, “याद राख, गाठ माझ्याशी आहे!” दूध उतू गेलं तरी गाठ, नळ ठिबकला तरी गाठ. बोटेबाईच्या नोकरीची तर त्यांना भारी लाज. पाहुण्यांसमोर म्हणायच्या, “आमची ही काय करते ते विचारू नका बाई. दिवसभर छात्या चेपते, त्याही रबराच्या.” मूलबाळ झालं नाही त्यावरूनही उचलली जीभ लावली टाळ्याला. असल्या वेळी नवरा कोपऱ्यात आपले बूट शोधायला लागायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, पण तो बोटेबाईने सोसला. पुष्कळ बायका सोसतात, त्यात कौतुक करण्यासारखं काही नाही.

एक गोष्ट मात्र तिने सोसली नव्हती, नुसती जपून ठेवली होती. सहा वर्षांपूर्वी एका सकाळी तिच्या भावाचा घरी फोन आला, “आईचं काही खरं नाही, ताबडतोब निघ म्हणावं.” फोन वन्संनी घेतला. त्या दिवशी त्यांच्या कचेरीतल्या बारा जणी जेवायला यायच्या होत्या. बोटेबाईला निरोप मिळाला तो संध्याकाळी पाच वाजता, शेवटचं ताट घासून पालथं घातल्यावर. “सकाळी सांगितलं असतं तर स्वयंपाक कुणी केला असता?” वन्सं म्हणाल्या. ज्या बाईने तीस वर्षं दुसऱ्यांचे निरोप पोचवून पोट भरलं, ती हे म्हणाली. बोटेबाई माहेरी पोचली तेव्हा आई जाऊन दोन तास झाले होते, आणि शेवटपर्यंत ती दाराकडे बघत होती असं भावजयीने तिला सांगितलं. ते तरी कशाला सांगावं!

तर एका सुट्टीच्या दुपारी बोटेबाई स्वयंपाकघरात डबे पुसत होती आणि वन्सं दारात येऊन उभ्या राहिल्या. काही न बोलता उभ्या राहिल्या, हेच नवल.

“काही हवंय का, वन्सं?”

“हात स्वच्छ आहेत का तुझे?”

“आहेत की.”

वन्संनी दार लावून घेतलं. घरात तिसरं माणूस नव्हतं तरी कडी घातली. मग भिंतीकडे बघत म्हणाल्या, “आंघोळ करताना इथं काहीतरी लागतं. काखेच्या अंगाला. दुखत नाही, खुपत नाही. डॉक्टरपुढे या वयात कोण उघडं होणार? तुझी बोटं म्हणे यात मुरलेली आहेत. जरा बघ. आणि कुणापाशी बोललीस तर गाठ माझ्याशी आहे.”

गाठ तुमच्याशीच आहे वन्सं, असं अगदी ओठांवर आलं होतं. तिने हातातलं फडकं बाजूला ठेवलं. वन्सं स्टुलावर बसल्या, बटणं काढली आणि डोकं वळवलं. ज्या बाईने बावीस वर्षं तिला पायपुसणं केलं, तिचे खांदे उघडे पडल्यावर अगदी लहान दिसत होते. बोटेबाईने हात एकमेकांवर चोळून गरम केले, हे कागदावर लिहिलेलं असतं म्हणून. हा कागद कारखान्यातल्या प्रत्येक खोक्यात जायचा आणि तो तिला तोंडपाठ होता.

बोटं फिरायला लागली आणि तिचे डोळे सवयीने मिटले. कातडी मऊ होती, साबणाचा वास येत होता. हलकं, मग दाबून, मग खोल. वरच्या बाजूला, काखेकडे, बोटं थांबली. वाटाण्याहून मोठी. कडक. कडा ओबडधोबड. तिने ती हलवून पाहिली. हलली नाही. डोळे मिटलेलेच होते, आणि समोर वहीवाली बसली आहे अशा कामाच्या आवाजात तिच्या तोंडून निघून गेलं,

“एक नंबर.”

वन्संनी इतका मोठा श्वास सोडला की समोरच्या डब्याचं झाकण धुरकटलं. “एक नंबर ना?” त्या हसायलाच लागल्या. “हात्तिच्या! आठ दिवस जिवाला घोर लावून घेतला नुसता. बरं झालं तुला दाखवलं. डॉक्टरांनी शंभर तपासण्या लावल्या असत्या.” आणि बटणं लावायला लागल्या.

बोटेबाईने डोळे उघडले. आपण काय म्हणालो आणि समोरच्या बाईने काय ऐकलं, हे दोन्ही तिला एकदमच कळलं. ‘तसं नाही, वन्सं,’ एवढे तीन शब्द पुरले असते. काही मध्ये आलं असतं तर आज तिला म्हणता आलं असतं की फोन वाजला, बेल वाजली, भाजी करपली. काही वाजलं नाही, काही करपलं नाही. वन्संना चार बटणं लावायची होती आणि त्यांची बोटं आनंदाने थरथरत होती, म्हणून चांगला वेळ लागला. त्या सगळ्या वेळात बोटेबाईच्या डोळ्यांपुढे सहा वर्षांपूर्वीची ताटं होती, पालथी घातलेली, एकावर एक.

“चहा टाकू का?” तिने विचारलं.

“तू बस. मी टाकते,” वन्सं म्हणाल्या.

मी खोटं बोलले नाही, असं ती मनाला सांगत राहिली. जे होतं ते सांगितलं, त्यांनी उलटं ऐकलं. शिवाय कागदावरच छापलेलं आहे की नुसत्या बोटांनी निदान होत नाही, डॉक्टरांनी तपासावं, मॅमोग्राफी करावी, गरज पडली तर सुईने तुकडा काढून बघावा. बोटांना लागलेल्या बऱ्याच गाठी साध्या निघतात. म्हणजे आपलं चुकलंही असेल. माणसाला स्वतःला फसवायचं असलं की छापील कागदसुद्धा मदतीला येतो. अठरा वर्षांत न चुकलेली बोटं आजच कशी चुकली, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

सोमवारी सांगू असं तिने ठरवलं. पण त्या सोमवारी सकाळी तिला जाग आली तेव्हा वन्संनी तिचा डबा भरून ठेवला होता. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि हे पहिल्यांदा घडत होतं. मंगळवारी वन्संनी तिला ‘अगं ए’ न म्हणता ‘बाळ’ म्हटलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथं पीळच आधी गेला. मरणाला घाबरलेलं माणूस सुटलं की दोन दिवस तरी चांगलं वागतं, वन्सं महिनेच्या महिने चांगल्या वागल्या. शेजारणींना सांगायला लागल्या, “माझ्या भावजयीच्या बोटांना डोळे आहेत.” तिच्या पायाला वात आला तर तेल गरम करून आणलं. नवरा तर हवेत होता. “तू हेड ऑफिसवर काय जादू केलीस गं?” तो विचारायचा, आणि अधूनमधून शिट्टीही वाजवायचा.

आणि खरं सांगायचं तर बोटेबाईला ते आवडत होतं. तेल आवडत होतं, डबा आवडत होता, बाळ आवडत होतं. आज सांगितलं तर कालपर्यंत का नाही सांगितलं, हा प्रश्न येणार, आणि दर दिवसागणिक त्या प्रश्नाचं वजन वाढत होतं. पण नुसती भीती होती म्हटलं तर ते अर्धंच होईल. वन्सं पाठमोऱ्या बसून कुणाशी हसून बोलायला लागल्या, की तिला त्यांच्या डाव्या काखेजवळची जागा दिसायची आणि पोटात एक गारवा पसरायचा. तुम्हाला माहीत नाही आणि मला माहीत आहे. त्या दिवशी सकाळी दहा ते संध्याकाळी पाच वन्संना असंच वाटलं असेल का, असं तिच्या मनात यायचं.

याच दिवसांत खालच्या मजल्यावरची मास्तरीण वर आली. वन्संनीच पाठवली होती. “मलाही काहीतरी लागतंय, जरा बघता का?” बोटेबाईने हातसुद्धा लावला नाही. “मी डॉक्टर नाही. उद्या शाळेतून रजा घ्या आणि तडक दवाखान्यात जा. पुढच्या आठवड्यात वगैरे नाही, उद्या,” ती इतक्या जोरात म्हणाली की मास्तरीण घाबरून खरंच गेली. अगदी लहान गाठ निघाली, वेळेवर सापडलेली. शस्त्रक्रिया झाली, छाती राहिली, नुसती गाठ आणि काखेतलं थोडं काढलं. मग काही आठवडे रेडिएशनचा शेक घेतला आणि मास्तरीण पुन्हा फळ्यापुढे उभी राहिली. ती फुलं घेऊन आली आणि बोटेबाईच्या पाया पडायला वाकली. “तुमच्यामुळे वाचले.”

“बघ, मी म्हटलं नव्हतं?” वन्सं कौतुकाने म्हणाल्या. “मला तर तिने जागच्या जागी सांगितलं होतं. एक नंबर!”

मास्तरीण निघून गेली. संध्याकाळी पुन्हा स्वयंपाकघराचं दार लागलं. “परत एकदा बघतेस का? तिचं ऐकून उगाच पाल चुकचुकली.” सहा महिने झाले होते. यावेळी बोटांना शोधावं लागलं नाही. ती वाढली होती, वरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली होती आणि काखेत आणखी एक टणक गोळी बसली होती. बोटेबाईचे डोळे या खेपेला उघडे होते. समोर वहीवाली नव्हती, सवय नव्हती, जीभ घसरायला काही कारण नव्हतं. तिने वन्संच्या चेहऱ्याकडे बघितलं.

“अजून एक नंबरच आहे, वन्सं,” ती म्हणाली.

पहिल्या वेळचं तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा, चूक म्हणा, मोह म्हणा. या वेळच्याला एकच शब्द आहे आणि तो तिलाही माहीत होता.

पुढे तीन महिन्यांनी मास्तरणीने आपल्या शाळेच्या सभागृहात बायकांसाठी माहितीचा कार्यक्रम ठरवला. जीव वाचलेलं माणूस गप्प बसत नाही. शनिवारी सकाळी साठ-सत्तर बायका जमल्या. वन्सं पहिल्या रांगेत, नवे कपडे घालून, आणि शेजारी बोटेबाई, कारण मास्तरणीला तिचा सत्कार करायचा होता. अंगात कणकण आहे, कारखान्यात जादा काम आहे, असं सगळं तिने सांगून बघितलं. “तू नाहीस तर मी कशाला जाऊ?” वन्सं म्हणाल्या आणि तिचा हात धरून घेऊन गेल्या.

नर्सबाई टेबलावर खोकी ठेवत होत्या. खोक्यांवरची तपासणीची चिठ्ठी बोटेबाईच्या हातची होती.

नर्सबाई चांगलं बोलत होत्या, न लाजता, न घाबरवता. चाळिशी उलटली की डॉक्टरांना विचारून मॅमोग्राफी करायची. महिन्यातून एकदा आरशासमोर उभं राहून बघायचं, खळगा पडलाय का, टोक आत ओढलंय का, काही स्राव येतोय का. “आणि बायांनो, दुखत नाही म्हणून थांबू नका. हा रोग सुरुवातीला बहुतेक दुखत नाही. दुखलं असतं तर बायका धावत आल्या असत्या.” मग एकेक छाती हातोहात फिरायला लागली. बायका हसत होत्या, एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. एक नग पहिल्या रांगेत आला आणि वन्संच्या मांडीवर स्थिरावला.

“तुझ्याच हातचा ना हा?” वन्संनी अभिमानाने विचारलं.

“आता आपण एक नंबर शोधू,” नर्सबाई म्हणाल्या. “वरच्या बाजूला, काखेकडे. सापडला का? कडक, वेडावाकडा, जागचा हलत नाही. चारांतला हा सगळ्यांत वाईट. असं काही हाताला लागलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.”

वन्संची बोटं फिरता फिरता थांबली. त्यांनी ती गाठ हलवून बघितली. मग दुसरा हात उचलून, एवढ्या बायकांत, स्वतःच्या काखेखाली दाबला. हसत असलेल्या चेहऱ्यावरून हसू हळूहळू निघून गेलं. त्या बोटेबाईकडे वळल्या. बोटेबाई मान खाली घालून बसली होती, आणि त्या मानेतच सगळं उत्तर होतं.

वन्संनी हात वर केला, वर्गातल्या मुलीसारखा. “बाई, हा एक नंबर नऊ महिने तसाच राहिला तर?”

“नऊ महिने कशाला कुणी ठेवेल, आजी?” नर्सबाई म्हणाल्या आणि काही बायका हसल्या.

मग बोटेबाईचा सत्कार झाला. वन्संनी टाळ्या वाजवल्या.

दवाखान्यातल्या डॉक्टर बाईच होत्या, कुणापुढे उघडं व्हायचं हा प्रश्नच आला नाही. मॅमोग्राफी झाली, सुईने तुकडा काढला, मग सगळ्या अंगाची तपासणी. आठवड्याभराने तिघांना समोर बसवून डॉक्टरांनी हळू आवाजात सांगितलं की रोग हाडांत गेला आहे, थोडा यकृतातही आहे. औषधं आहेत, केमो आहे, दिवस वाढवता येतील, त्रास कमी करता येईल. मुळापासून आता काढता येणार नाही. नवरा ओक्साबोक्शी रडायला लागला. दोन बायकांच्या मधे बसला होता, कुणाचा हात धरावा ते त्याला कळेना.

“गाठ पहिल्यांदा कधी लक्षात आली होती?” डॉक्टरांनी विचारलं.

“नऊ महिने झाले.”

“तेव्हाच आला असतात तर…” डॉक्टरांनी वाक्य अर्धं सोडलं. “मग इतके दिवस का थांबलात?”

वन्सं बोटेबाईकडे बघून शांतपणे म्हणाल्या, “निरोप उशिरा मिळाला.”

नवऱ्याला ते समजलं नाही. त्याला वाटलं ताईचं डोकं ठिकाणावर नाही.

घरी आल्यावर बोटेबाई त्यांच्या खोलीत गेली आणि पायांशी बसली. “वन्सं, मी त्यांना सगळं सांगून टाकते. मग तुम्ही मला घरातून काढा, पोलिसांत द्या, काय वाटेल ते करा.”

“नाही सांगायचं,” वन्सं म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “सांगितलंस की तो चार दिवस ओरडेल, मग रडेल, मग तुला माफ करेल. तो तसाच आहे, लहानपणापासून. तू मोकळी होशील. मी काय इथं झिजत पडू आणि तू मोकळी?”

“मग मी काय करू?”

“माझं सगळं कर. आणि गप्प राहा. ते तुला चांगलं जमतं.”

तिने सगळं केलं. केमोच्या दिवशी पातेलं धरलं, गळालेले केस उशीवरून वेचले, हाडं ठणकायला लागली की पाठीखाली उशा बदलल्या. वन्सं ‘गाठ माझ्याशी आहे’ म्हणेनाशा झाल्या. ओरडल्या असत्या तर बोटेबाईला बरं वाटलं असतं. त्या ओरडल्या नाहीत, उलट गोड बोलत राहिल्या, बाळ म्हणत राहिल्या. आणि कुणी भेटायला आलं, कचेरीतल्या मैत्रिणी आल्या, शेजारणी आल्या, मास्तरीण आली, की वन्सं उशीवरून जेवढं उठता येईल तेवढं उठायच्या, तिचा हात हातात घ्यायच्या, मधली तीन बोटं चाचपायच्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायच्या,

“आमची भावजय ना, एक नंबर!”

लोकांचे डोळे भरून यायचे. नणंद-भावजयीचं असं प्रेम बघायला मिळतं कुठं हल्ली! नवरा तिच्या खांद्यावर हात ठेवायचा. “ऐकलंस? ताईने आयुष्यात कुणाची स्तुती केली नाही.” वन्सं त्याच्या खांद्यावरून तिच्याकडे बघत असायच्या, आणि बोटेबाई मान डोलावून चहा आणायला आत जायची. एकदा तिने कानांवर हात ठेवून ओट्याशी उभं राहून बघितलं. उपयोग झाला नाही, तो शब्द आता आतून यायला लागला होता.

निदान झाल्यापासून अकराव्या महिन्यात वन्सं गेल्या. शेवटच्या दिवशी बोलणं बंद झालं होतं. भाऊ उशाशी होता, बोटेबाई पायाशी. वन्संनी उजव्या हाताचं एक बोट उचललं आणि तिच्या दिशेने धरलं. “बघ, तुझंच नाव घेतेय,” नवरा रडत म्हणाला.

घर त्यांनी भावजयीच्या नावावर करून ठेवलं होतं. मास्तरणीने शोकसभेत त्यावर भाषण केलं आणि वन्संचे ते दोन शब्द साऱ्या इमारतीच्या तोंडी बसले. नवऱ्याने तर ते बहिणीची आठवण म्हणून जपून ठेवले आहेत. जेवताना, चहा पिताना, रात्री दिवा मालवताना तो तिला त्या नावाने हाक मारतो. कारखान्यात आता ती तपासायला बसत नाही. बोटं थरथरतात म्हणून तिने चिठ्ठ्या चिकटवायचं काम मागून घेतलं आहे, आणि बोटेबाई हे नाव तिथं मागे पडलं आहे. संध्याकाळी ती परतते तेव्हा जिन्यात खेळणारी मुलं वाट सोडतात आणि एका सुरात ओरडतात, “एक नंबर काकू आल्या!”

हाक मारली की ओ द्यावी लागते. ती देते.